साडेसतराशे खोडं, केळ एकच

रावेर तालुक्यात माझ्या मामाची केळीची बाग होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर रस्त्यावर डांबर वितळायचं, पण बागेत शिरलं की अंधार, ओल आणि गारवा. सहावीत असताना मी त्याला तिथे एक प्रश्न विचारला होता. प्रश्न बावळट आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

"मामा, केळीचं बी कुठे असतं?"

मामाने हातातलं केळ मधोमध मोडलं आणि गरात दिसणारे बारीक काळे ठिपके दाखवले. "हे बघ. एवढंच उरलंय. पेर हे, पाहू उगवतं का!" मग एका खोडाच्या बुंध्याशी वाकून त्याने माती बाजूला केली. जमिनीखालच्या कंदाला चिकटून एक कोंब वर आला होता. त्याची पानं अरुंद, तलवारीसारखी. "हे पिल. आमच्याकडे हेच बी. आईला पिल, पिलाला पिल. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात साडेसतराशे खोडं होतात. पण खरं सांगू का भो, या सगळ्या बागेत केळ एकच आहे."

मामा थट्टा करतोय असं मला वाटलं. थट्टा नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता तुम्हीही एक केळ घ्या. जळगावचं असेल तर उत्तम. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आता कोणीही कुठल्याही केळीला चिकटवू शकत नाही. केळ मोडा आणि ते ठिपके पाहा. ते न झालेल्या बिया आहेत. का झाल्या नाहीत? कारण केळीला फुगडी घालता येत नाही!

हसू नका, सांगतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब मजकूर असतो. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. या मजकुराचे खंड असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. रानटी केळीत ११ प्रकारची गुणसूत्रं, प्रत्येकाची जोडी, एकूण २२. बी तयार होताना प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदाराला शोधतं, त्याच्यासोबत नीट रांगेत उभं राहतं आणि मग दोघं दोन बाजूंना जातात. फुगडीसारखं, दोघी-दोघी. पण आपण खातो त्या केळीत प्रत्येक गुणसूत्र तिघा-तिघांत आहे, म्हणजे ३३. तिघींची फुगडी घालून पाहा. एक तर मोकळी राहते, नाहीतर तिघी आपटतात. म्हणून बी धरत नाही. मग पिलं लावायची, नाहीतर हल्ली करतात तसं कोंबाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवून टिश्यू कल्चरची रोपं करायची. कसंही केलं तरी ती आईची नक्कलच.

रानात मात्र बी असलेल्या केळी आजही आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात रानकेळ उगवते. ती आपल्या केळीची चुलतबहीण. तिचं फळ खायला गेलात तर दातांखाली काळ्या टणक बियाच येतील. गर आपला नावापुरता.

मग बी असलेल्या रानकेळींपासून बिनबियांची केळी झाली कशी? कुठे झाली? आणि तापीच्या काठी कुणी आणली?

हे शोधायला लोक निघाले तेव्हा एक गंमत झाली. ती सांगण्याआधी आपण जळगावहून एस.टी.ने धुळ्याला जाऊ. केळीसाठी नाही, पोथ्यांसाठी.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरायचे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अडगळीत पडलेली जुनी कागदपत्रं आणि पोथ्या गोळा करायचे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा मृत्यू झाला, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ सुरू झालं. ते आजही आहे. त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. नाव मंदिर, पण आत रामदासी मठांमधून आणलेली हस्तलिखितं, बाडं. रुमालात बांधून ठेवलेली.

छापखाना नव्हता तेव्हा पोथी हवी असेल तर हाताने उतरवून घ्यावी लागे. हाताने उतरवलं की चूक होणारच. तुम्ही फळ्यावरचं उतरवताना करत नाही का? एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये इतके फरक पडले होते की त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली.

पण चूक ही फक्त डोकेदुखी नसते. चूक म्हणजे पुरावासुद्धा असतो. या चार चिठ्ठ्या पाहा. त्या एकमेकींवरून कुणीतरी उतरवल्या आहेत. कोणती कशावरून, ते आपल्याला माहीत नाही.

पहिली: सावद्याच्या बागेत मोर नाचतो.
दुसरी: सावद्याच्या बागेत पोर वाचतो.
तिसरी: सावद्याच्या बागेत मोर वाचतो.
चौथी: सावद्याच्या बागेत चोर नाचतो.

दोन मिनिटं विचार करा. दुसरी आणि तिसरी, दोघींत 'वाचतो' आहे. दोन वेगळ्या मुलांनी 'नाचतो'चं 'वाचतो' अशी नेमकी तीच चूक करणं अवघड. तेव्हा त्या एकाच घरातल्या. चौथी त्या घरातली नाही. ती पहिलीला लागून आहे. म्हणजे साखळी अशी झाली: चौथी, पहिली, तिसरी, दुसरी. वा! कोण कोणाच्या शेजारी ते कळलं.

पण थांबा. या साखळीचं मूळ कोणतं? मोर नाचणारी चिठ्ठी मूळ, असं तुम्ही म्हणाल, कारण मोर नाचतोच. पण मूळ वाक्य 'चोर नाचतो' असं गमतीचं असेल तर? किंवा खरंच कुणी पोर बागेत बसून वाचत असेल तर? नुसती अक्षरं पाहून साखळीतली सगळ्यात जुनी चिठ्ठी कोणती ते सांगता येत नाही. त्यासाठी बाहेरची साक्ष हवी. कोणत्या चिठ्ठीचा कागद जास्त पिवळा आहे? कोणती शाई जुनी? 'पोर वाचतो' असं कोणत्या गावी म्हणतात आणि 'पोर वाचतं' कुठे? आता अक्षरं जुळवणाऱ्याला कागद ओळखणारा लागला, बोली ओळखणारा लागला. एकट्याचं काम राहिलं नाही.

पोथ्यांचे अभ्यासक हेच करतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच सिद्ध केली. १९१९ ते १९६६, सत्तेचाळीस वर्षं! या कामात हजाराहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली, आणि कोणती कोणत्या घराण्यातली हे ठरवलं गेलं. कामाचे प्रमुख बराच काळ विष्णु सीताराम सुकथनकर होते. ते केंब्रिजला काय शिकले होते, ओळखा. संस्कृत नव्हे, गणित.

आणि डीएनए वाचणारे? तेही अगदी हेच करतात! पेशी दुभंगते तेव्हा तिला सगळा मजकूर उतरवून घ्यावा लागतो. ती फार काटेकोर आहे, आपल्यासारखी नाही, तरी कोट्यवधी अक्षरांत एखादं चुकतंच. ती चूक पुढच्या नकलांत जाते. दोन सजीवांत तीच चूक दिसली की ते एका घरातले. रेणूंमधल्या अशा चुका वाचून सजीवांची वंशावळ लावणं, या अभ्यासाला रेण्वीय उत्क्रांतीचा अभ्यास म्हणतात. नाव अवघड आहे, काम चिठ्ठ्यांचंच.

दोन्ही कामं इतकी सारखी की १९९८ मध्ये केंब्रिजच्या काही जीवरसायनशास्त्रज्ञांनी मध्ययुगीन इंग्रजीच्या अभ्यासकांशी हातमिळवणी केली. चॉसर या कवीच्या एका काव्याच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ त्यांनी संगणकावर लावली, तीही सजीवांची वंशावळ लावायच्या पद्धतीने. ते संशोधन 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आलं. धुळ्याच्या बाडांवर असं काही करता येईल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी केलंत तर मला बोलवा.

आता परत केळीकडे.

२०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी मलेशियातल्या एका केळीचा सगळा डीएनए वाचून काढला. सुमारे ५२ कोटी अक्षरं. एका पानावर दोन हजार अक्षरं मावतात असं धरा, तर अडीच लाखांहून जास्त पानं होतील. त्यात ३६ हजारांवर जनुकं सापडली. माणसात साधारण २० हजार आहेत. तेव्हा 'केळ्या' अशी हाक कुणी मारली तर चिडायचं कारण नाही.

वेगवेगळ्या केळींची अक्षरं ताडल्यावर एक गोष्ट समजली. मामाच्या लहानपणी खानदेशात सगळीकडे बसराई केळ होतं, बुटकं. आता सगळीकडे ग्रँड नैन आहे. हे फ्रेंच नाव, अर्थ 'मोठी बुटकी'! बसराई काय, ग्रँड नैन काय, दोन्ही कॅव्हेंडिश नावाच्या एकाच घरातल्या. कधीतरी एकदाच बिनबियांचं एक तीनपदरी रोप जन्माला आलं. त्याची पिलं, पिलांची पिलं जगभर पसरली आणि नकला करता करता कुठेतरी अक्षर चुकलं. एका चुकीने खोड बुटकं झालं, दुसरीने थोडं उंच. एकाच पोथीच्या दोन प्रती. मामा म्हणत होता ते त्याच्या बागेपुरतंच खरं नव्हतं, सगळ्या जिल्ह्यापुरतं जवळजवळ खरं होतं.

पण कॅव्हेंडिशचे आईबाप कोण? जनुकवाल्यांनी शोध घेतला तेव्हा तिच्या तीन पदरांपैकी दोन पदरांचे सगळ्यात जवळचे नातलग सापडले ते कोमोरोस, झांझिबार आणि मादागास्करला, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर. आणि तिथेच सगळे चक्रावले, कारण ज्या रानकेळीपासून ही केळी आली ती आफ्रिकेत कधी उगवलीच नाही. त्या बेटांवरच्या केळीतली अक्षरं तर न्यू गिनी आणि जावाकडच्या रानकेळींशी जुळत होती. मध्ये सगळा हिंदी महासागर! केळ काही पोहत जात नाही.

इथे अक्षरं गप्प बसली. चिठ्ठ्यांचंच झालं, बाहेरची साक्ष हवी. मग जनुकांच्या अभ्यासकांनी पुरातत्त्ववाले आणि भाषावाले यांना एका टेबलाशी बसवलं. २०११ मध्ये त्यांचं एकत्रित संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात फ्रान्सचे झेवियर पेरिए होते, केळीत आयुष्य घालवलेले बेल्जियमचे एडमंड डे लांग होते, जमीन उकरणारे टिम डेनहॅम होते आणि शब्द उकरणारे मार्क डोनोह्यू होते.

जमीन उकरणाऱ्यांना काय मिळालं? केळं तर कुजून जातं. पण गवताच्या पात्याने कधी बोट कापलंय? पानांत वाळूसारख्या सिलिकाचे अतिसूक्ष्म खडे असतात, म्हणून कापतं. केळीच्या पानांतले खडे सूक्ष्मदर्शकाखाली ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसतात. पान कुजतं, खडे हजारो वर्षं मातीत टिकतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात कुक नावाची पाणथळ जागा आहे. तिथे सुमारे साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वीच्या थरांत असे खडे इतके सापडले की लोक तेव्हा केळी मुद्दाम लावत होते हे स्पष्ट झालं. जुना कागद सापडला म्हणायचा!

आणि शब्दवाल्यांना? माणूस रोप घेऊन जातो तेव्हा त्याचं नावही घेऊन जातो. आग्नेय आशियातल्या आणि न्यू गिनीतल्या बेटांवर केळीला कुठे 'मुकु'च्या घरातले शब्द आहेत, कुठे 'पुंती'च्या. कोणता शब्द कोणत्या बेटावरून कोणत्या बेटावर गेला याचा नकाशा काढला, तो केळीच्या जातींच्या नकाशाशेजारी ठेवला, तर बऱ्याच वाटा एकमेकींवर बसल्या. मादागास्करचं कोडंही असंच सुटायला लागलं. तिथली भाषा शेजारच्या आफ्रिकेतल्या भाषांची कुणी नाही. ती पार बोर्नियो बेटावरच्या भाषेची बहीण आहे. होड्यांतून महासागर ओलांडून माणसं आली होती. केळीचे कंद काही आपल्या पायांनी आले नाहीत.

जनुकं म्हणाली कोण कोणाचं, खडे म्हणाले कधी, शब्द म्हणाले कोणाच्या होडीतून. एका बाजूचा जरी साक्षीदार उठून गेला असता तरी खटला उभा राहिला नसता.

बरं, इतके विषय एकाच माणसाच्या डोक्यात मावतील का? बहुतेकांच्या नाही. पण एकाच्या मावले होते, आणि तो माणूस आपला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, पुढे डेक्कन क्वीनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो पोथ्या ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. म्हणजे धुळ्याकडचं काम झालं. आणि त्याआधी १९४४ मध्ये जनुकशास्त्राला एक सूत्र दिलं.

ते सूत्र काय? गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत हे फूटपट्टीने मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती दोघं किती वेळा एकमेकांपासून सुटतात हे मोजून अंतराचा अंदाज काढतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर सुटलेली जोडी पुन्हा एकत्र दिसते, आणि मोजणारा फसतो. या फसवणुकीचा हिशेब कोसंबींच्या सूत्रात आहे. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना आजही ते वापरतात, कोसंबींच्याच नावाने.

त्यांचं तिसरं काम मला सगळ्यात आवडतं. ते जुनी चांदीची नाणी तोलत बसायचे. एक-दोन नाही, हजारो. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. मग वजनावरून ते किती काळ फिरत होतं ते काढता येईल! गंमत अशी की पुढे १९६० च्या दशकात एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी रेणूंबद्दल असंच काहीसं मांडलं: अक्षरांतल्या चुका साधारण ठरावीक चालीने साठत जातात, म्हणून चुका मोजा आणि काळ काढा. याला रेणूंचं घड्याळ म्हणतात. घड्याळ थोडं मागेपुढे चालतं, पण चालतं. नाणं झिजून हलकं होतं, पोथी चुकांनी जड होते. हिशेब जवळपास तोच. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होते हेही सांगून ठेवतो.

या सगळ्याचा मामाला काय उपयोग, असं विचाराल. मामानेही विचारलं होतं. एके वर्षी जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत त्याच्या नव्या लागवडीच्या पानांवर पिवळे पट्टे आले. शेतकरी याला 'हरण्या' म्हणतात. पुस्तकातलं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा नावाची बारीक कीड तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. औषध नाही. रोप उपटायचं आणि गाडायचं किंवा जाळायचं, एवढंच. मामाने शेकड्यांनी रोपं उपटली. त्या दिवशी तो जेवला नाही.

साडेसतराशे खोडं आणि केळ एकच असेल, तर जे एकाला लागतं ते सगळ्यांना लागू शकतं. असं एकदा झालेलंही आहे. पन्नास-साठच्या दशकांपर्यंत परदेशी बाजारात ग्रो मिशेल नावाचं केळ होतं. मातीतल्या एका बुरशीने त्याच्या बागा बसवल्या, म्हणून त्याच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्या बुरशीचा नवा अवतार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहारमध्ये येऊन पोचला आहे. केळ स्वतःला बदलत नाही, बुरशी आणि विषाणू बदलत राहतात. हरण्याचा विषाणू तर नक्कल करताना पेशीपेक्षा कितीतरी निष्काळजी, म्हणून त्याच्या पोथीत भराभर नवे पाठ येतात. ते वाचायला विषाणूवाला हवा, मावा ओळखणारा कीटकशास्त्रज्ञ हवा, वंशावळ लावणारा गणिती हवा. आणि पानावरचा पहिला पिवळा पट्टा सगळ्यांच्या आधी ज्याला दिसतो, तो शेतकरी हवा. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, आणि एस.टी.च्या अंतरावर धुळ्याच्या पोथ्या आहेत. टेबल मांडायला जागा भरपूर आहे.

तुमच्यासाठी एक काम. वर्गातल्या बारा जणांनी मिळून एक लांब वाक्य उतरवा. अट अशी: मूळ चिठ्ठी दोघांनीच पाहायची, त्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या दोघा-दोघांनी. पटापट लिहायचं, आणि आपण कोणावरून उतरवलं ते एका कागदावर लिहून कंपासपेटीत लपवायचं. मग सगळ्या चिठ्ठ्या पिसून मराठीच्या बाई, गणिताचे सर आणि विज्ञानाच्या बाई यांच्यासमोर ठेवा. आधी तिघांना वेगवेगळं बसवा, नंतर एकत्र. वंशावळ कधी बरोबर लागली, ते मला पत्राने नक्की कळवा.